फंडरेझिंगसाठी माणूस ठेवायचाय, पगारावर ठेवू की टक्क्यांवर? (नाशिक)

पेठरोडची_ताई

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमची छोटी संस्था आहे, पेठ आणि सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यांवर संध्याकाळच्या अभ्यासिका चालवतो आणि तिकडून शिकायला नाशकात आलेल्या मुलींसाठी पंचवटीत एक लहानसं वसतिगृह आहे. ट्रस्ट रजिस्टर आहे, 12ए (संस्थेला करमाफी), 80जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-1 (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी घ्यायची नोंदणी) सगळं झालंय, ऑडिट वेळेवर होतं. वर्षाचा खर्च 30 लाखाच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त एकाच कंपनीकडून येतो. आता त्यांचं तीन वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट मार्चला संपतंय आणि पुढचं विचारलं की "हेड ऑफिसला कळवलंय" एवढंच उत्तर मिळतं. तर विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये ठरलं की आता फंडरेझिंग कोऑर्डिनेटर ठेवायचाच. आतापर्यंत हे सगळं मी आणि आमचे अध्यक्ष, अध्यक्ष सत्तरीचे आहेत, असं फोनाफोनी करून निभावत होतो.

भांडण पगारावरून आहे. आमच्याकडे महिना 20 हजारापलीकडे द्यायला नाही. एक विश्वस्त म्हणतात पगार कशाला, जेवढे आणेल त्याच्या 10 टक्के द्या, आणला तर खाईल. दुसरे म्हणतात त्यांच्या ओळखीत एमबीए मार्केटिंग झालेला मुलगा बसून आहे त्याला घ्या. मला दोन्ही पटत नाहीये पण का ते नीट मांडता येत नाहीये. माणूस कुठे शोधायचा, इंटरव्ह्यूला काय विचारायचं, कोणी नाशकात हे केलंय का?

अंबडचा_वर्कशॉपवाला

ताई टक्क्यांवरच ठेवा. माझ्याकडे सेल्सची पोरं आहेत, फिक्स पगार दिला की दुपारी 2 नंतर कोणी दिसत नाही. थोडा बेसिक द्या, 7-8 हजार, वर इन्सेन्टिव्ह. तुमची रिस्क कमी आणि ज्याच्यात दम नाही तो दोन महिन्यात आपोआप जातो.

झोळीवाला

वर्कशॉपवाले साहेब, सेल्सला ते चालतं, इथे नाही चालत. मी या क्षेत्रात बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, उद्या तुम्हीच ताईंच्या संस्थेला 1 लाखाचा चेक दिलात आणि नंतर कळलं की त्यातले 10 हजार आणणाऱ्याच्या खिशात गेले, तर पुढच्या वर्षी द्याल का? पगार संस्था देते तेव्हा तो खर्च म्हणून हिशोबात दिसतो, देणारा समजून घेतो. टक्केवारी म्हटलं की आपल्याकडे त्या शब्दाला काय वास येतो ते सांगायला नको. अमेरिकेत फंडरेझिंग करणाऱ्यांची एएफपी नावाची मोठी संघटना आहे, त्यांच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मेहनताना घ्यायला सरळ मनाई आहे, म्हणजे जिथे हा पूर्ण वेळचा व्यवसाय आहे तिथेसुद्धा.

दुसरं म्हणजे मोजणार कसं? अध्यक्षांचा 15 वर्षांपासूनचा मित्र दर दिवाळीला 25 हजार देतो, यंदा फोन नवीन मुलाने केला, मग ते कोणाच्या खात्यात? कंपनीचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू झालं तर त्याचे 10 टक्के म्हणजे दीड लाख द्यायचे का, जे आणायला तीन वर्षांचं पाड्यावरचं काम लागलं? यावरून संस्थेत कायमची वाकडी झालेली माणसं मी बघितली आहेत. आणि टक्क्यांवरचा माणूस आज मिळणाऱ्या चेकच्या मागे धावणार. जो देणगीदार आत्ता 500 रुपये देतोय आणि पाच वर्षांनी वसतिगृहाची एक खोली बांधून देईल त्याच्याकडे तो ढुंकून बघणार नाही, का बघावं त्याने?

पण ताई, खरी अडचण मला वेगळीच दिसतेय. तुम्हाला मार्चपर्यंत पैसे पाहिजेत आणि त्यासाठी तुम्ही माणूस शोधताय. नवीन माणूस आला तर संस्था समजून घ्यायला दोन-तीन महिने, मोठ्या कंपनीत पहिल्या भेटीपासून पैसे खात्यात पडेपर्यंत सहा महिने ते वर्ष सहज जातं. मार्चचा खड्डा तो भरणार नाही, तो तुम्हाला आणि विश्वस्तांनाच भरायचाय. आणि एक कडू विचारतो, राग मानू नका. तुमचे सगळे विश्वस्त स्वतः वर्षाला काही देतात का? आणि आपापल्या ओळखीतल्या चार-पाच जणांना मागतात का? जिथे विश्वस्त मागायला लाजतात तिथे कोऑर्डिनेटर फार दिवस टिकत नाही.

अंबडचा_वर्कशॉपवाला

लाखातले 10 हजार वाली गोष्ट पटली, खोटं कशाला बोलू. पण मग फिक्स पगारावरच्या माणसाचं काम मोजायचं कशावर? का नुसतं "संबंध जोपासतोय" म्हणून वर्षभर चहा पीत फिरायचं?

झोळीवाला

मोजायचं ना. महिन्यात किती जुन्या देणगीदारांशी बोलणं झालं, किती नवीन लोक पाड्यावर काम बघायला आणले, किती प्रपोजल वेळेत गेली, पावती आणि आभाराचं पत्र किती दिवसात पोचलं, मागच्या वर्षी दिलेल्यांपैकी यंदा किती जणांनी परत दिलं. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. जमलेल्या रकमेचं टार्गेट पण ठेवा, पण ते संस्थेचं ठेवा, एकट्या त्याच्या डोक्यावर नको.

आकडेमोड

सीए आहे, ट्रस्टचीच कामं जास्त करतो, म्हणून फक्त कागदांचं बोलतो. 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, पण लोकांच्या तोंडात जुनेच आहेत म्हणून मी पण जुन्याच नावांनी लिहितोय.

जो कोणी ठेवाल त्याला इतकं यायलाच पाहिजे. 2 हजारावरच्या रोख देणगीला 80जी मिळत नाही, तेव्हा यूपीआय किंवा चेक घ्यायची सवय लावा. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन त्याच दिवशी लिहून घ्यायचं, कारण वर्षभराच्या देणग्यांचं 10बीडी विवरणपत्र 31 मेपर्यंत भरावं लागतं आणि ते भरल्याशिवाय देणाऱ्याला 10बीई सर्टिफिकेट निघत नाही, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये फी. मे महिन्यात 140 लोकांना "सर पॅन पाठवता का" असे मेसेज करणाऱ्या संस्था मी दरवर्षी बघतो. आणि 80जीच्या जिवावर मागू नका आता, नव्या टॅक्स रेजिममध्ये ती वजावटच नाही आणि पगारदार माणसं बरीचशी तिकडेच गेली आहेत.

परदेशातल्या ओळखीच्या लोकांकडे मागायची आयडिया कोणीतरी काढणारच. भारतीय पासपोर्टवाला असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले चालतात. नागरिकत्व बदललेलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी ती परदेशी देणगीच, एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) नसेल तर एक रुपया घ्यायचा नाही. नवीन मुलगा उत्साहात क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो आणि निस्तरायला आम्ही.

पगार कुठून द्यायचा हे पण आत्ताच ठरवा. सीएसआरमध्ये 5 टक्के अ‍ॅडमिनची मर्यादा आहे म्हणून पगार टाकता येत नाही असं बऱ्याच संस्था धरून चालतात. ती मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला केलेल्या खर्चावर आहे. अभ्यासिकेच्या ताईंचं मानधन, देखरेख, रिपोर्टिंग हे प्रोजेक्टच्या बजेटमध्ये दाखवता येतं, कंपनीने मान्य केलं की झालं. पण दुसऱ्यांकडून पैसे गोळा करायचा पगार कोणती कंपनी मान्य करेल असं वाटत नाही, तो मोकळ्या देणग्यांमधूनच द्यावा लागेल. म्हणजे किरकोळ देणगीदार वाढवणं हेच पहिलं काम.

पूर्वी_हेच_केलंय

मी नाशकात एका संस्थेत याच पोस्टवर होते, आता पुण्यात आहे. संस्थेचं नाव घेत नाही. माझ्या जेडीमध्ये (कामाच्या वर्णनात) लिहिलं होतं "निधी संकलन", प्रत्यक्षात वेबसाईट, फेसबुक, वार्षिक अहवाल, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, सगळं माझ्याकडे. आणि महिन्याच्या शेवटी विचारणार किती आणले. देणगीदारांची यादी सचिवांच्या डायरीत, ती मागितली तर "आधी तुम्ही नवीन आणा". ताई, यादी देणार नसाल तर माणूस ठेवू नका. पहिल्या दिवशी एक एक्सेल शीट हातात द्या, कोणी कधी किती दिले, कोणाच्या ओळखीने आले, शेवटचं बोलणं कधी झालं. नसेल तर तीच आधी बनवा, त्याला माणूस लागत नाही, दोन रविवार लागतात.

एमबीए मुलाबद्दल, डिग्रीचं काही नाही, पण विश्वस्तांच्या ओळखीतला माणूस नीट काम करत नसला तर त्याला जा म्हणणार कोण? मला तर एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालेल्यांपेक्षा एलआयसीचं काम केलेल्या एक काकू भारी वाटल्या होत्या, नाही ऐकायची सवय होती त्यांना आणि वाढदिवस विसरायच्या नाहीत.

इंटरव्ह्यूत प्रश्न कमी विचारा, काम द्या. तुमचा मागचा अहवाल घरी वाचायला द्या आणि ज्याने दोन वर्षांपूर्वी देणगी दिली होती, नंतर दिली नाही, अशा माणसाला एक पानाचं मराठी पत्र लिहून आणायला सांगा. निम्मे तिथेच गळतील. उरलेल्यांना एक दिवस पाड्यावर न्या, जायच्या-यायच्या भाड्यासकट, आणि बघा मुलांच्या आयांशी बोलतायत की फोटोच काढतायत. इंग्रजी प्रपोजल महत्त्वाचं आहे पण ते शिकवता येतं. आणि जुन्या ठिकाणी फोन करून विचारा, विशेषतः जाताना देणगीदारांची यादी सोबत नेली का ते.

20 हजारात अनुभवी मिळणार नाही, सरळ सांगते. फ्रेशर मिळेल, नाहीतर आठवड्यातले तीन दिवस काम करणारी कोणीतरी, नोकरीतून गॅप घेतलेली बाई किंवा बँकेतून व्हीआरएस घेतलेले गृहस्थ. तीन दिवसांना 20 हजार हा माझ्या मते जास्त चांगला सौदा. पेट्रोल वेगळं द्या, सातपूर, अंबड, सिन्नर करत फिरायचं म्हणजे पगारातून परवडत नाही.

निफाडकर

एक देणारा म्हणून बोलतो, द्राक्षाचा एक्स्पोर्ट आहे. जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे कोणी येऊच नका, माल निघत असतो, फोन उचलला तरी ऐकायच्या मनःस्थितीत नसतो कोणी. आणि सगळ्या संस्था नेमक्या मार्चमध्येच येतात. दिवाळीच्या आधी या, निवांत बोलू. दुसरं, सातपूर-अंबडच्या मोठ्या प्लँटमध्ये खेटे घालू नका, निर्णय मुंबई, पुणे, बंगळूरला होतात, इथला एचआर फार तर शिफारस करतो. (शिफारस पण कामाची असते म्हणा.) त्यापेक्षा मधल्या मालकांना धरा, 5 कोटी नफ्याच्या खालचे, सीएसआरचा कायदा ज्यांना लागू होत नाही असे. तिथे मालक, त्याची बायको आणि चहा, अर्ध्या तासात हो की नाही कळतं. निमा, आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमात भेटतात सगळे. सिंहस्थ तोंडावर आलाय, वर्गणी आणि स्पॉन्सरशिपवाल्यांची रांग वाढतच जाणार, लवकर गाठा.

आणि पैसे दिल्यावर परत पैसे मागायलाच फोन करू नका. मधे एकदा काय झालं ते सांगायला करा. मला एका संस्थेच्या मुलीने दहावीचा निकाल कळवायला स्वतः फोन केला होता, तिथे मी अजून देतो.

पेठरोडची_ताई

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. झोळीवाले दादा, राग नाही आला, सात विश्वस्तांपैकी स्वतः देणारे तीनच आहेत, हे पुढच्या मीटिंगला नाव न घेता काढणार आहे, बघू किती जण चहाचा कप खाली ठेवतात. टक्केवारीचा विषय बंद. मार्चसाठी अध्यक्ष आणि मी जुन्या 60-70 लोकांना आधी फोन करतो आणि निफाडकर दादा तुम्हाला मेसेज केलाय. जाहिरात अशी टाकतेय, बघा काही चुकतंय का:

"ग्रामीण शिक्षणात काम करणाऱ्या नाशिकच्या संस्थेसाठी देणगीदार समन्वयक पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस, त्यातला महिन्यातून एक पेठ किंवा सुरगाणा तालुक्यात. मराठी लिहिणं उत्तम, इंग्रजी कामापुरतं, दुचाकी असावी. सहा महिने प्रोबेशन. मानधन योग्यतेनुसार, पेट्रोल वेगळं."

पूर्वी_हेच_केलंय

"योग्यतेनुसार" काढा आणि 20 हजार असं स्पष्ट लिहा, नाहीतर 40 वाले पण येतील आणि 10 वाले पण, सगळ्यांचाच वेळ जाईल. रिपोर्टिंग कोणाला ते पण टाका, एकाच माणसाचं नाव, सात विश्वस्तांचं नको. देवनेटवर (संस्थांमधल्या नोकऱ्यांची वेबसाईट) टाकाच, पण समाजकार्य शिकवणाऱ्या पुण्याच्या कर्वे संस्थेच्या आणि तुळजापूरच्या टिसच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पण टाका, नाशिकला परत यायचं म्हणणारे तिथे असतात. मी माझ्या ग्रुपवर आज टाकते, दुरुस्त केलेली पाठवा.

अंबडचा_वर्कशॉपवाला

ताई दिवाळीआधी एकदा आमच्याकडे पण या. मंगळवार सोडून, मंगळवारी लाईट नसते.