शब्दचर्चा: ‘बोरवर धरणे’ म्हणजे नेमकं कुठं धरणे?

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं लहान शेड आहे. दोन लेथ (कातायची यंत्रं), एक जुना कॅपस्टन लेथ. जॉबकार्ड लिहायचं काम माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात एका कार्डावर लिहिलं, ‘बोरवर धरून ओडी मारणे’. बोर म्हणजे मधलं भोक, ओडी म्हणजे बाहेरचा व्यास. बिडाच्या पुल्या होत्या, चाळीस. बोर आणि एक फेस (सपाट बाजू) आधीच झालेला. म्हणजे आता पुली मँड्रेलवर, म्हणजे बोरात बसणाऱ्या दांड्यावर, चढवायची आणि बाहेरचा घेर, व्हीच्या खाचा एकाच सेटिंगमधे काढायच्या, की काम संपलं. दुसऱ्या पाळीला खानापूरकडचा नवा पोरगा होता, हुशार. त्यानं ‘बोरवर’ म्हणजे बोरच्या वरचा भाग असं वाचलं आणि सरळ हबला, म्हणजे बोराभोवतीच्या जाड भागाला, चकाच्या जबड्यात धरलं. हब कच्चा, ओतीव. सकाळी मँड्रेलवर चढवून डायल (डोलणं मोजणारं घड्याळ) लावला तर काटा अर्धा मिलीमीटर नाचतोय. सव्वीस पुल्या होऊन गेल्या होत्या.

मी पोराला बोलणार, तेवढ्यात आमचे टर्नर मामा म्हणाले, “चूक त्येची न्हवं. तुझ्या ‘वर’ची हाय.”

तेव्हापासून हा ‘वर’ डोक्यातून जात नाही. तुमच्याकडे काय म्हणतात? बोरवर, बोरात, बोरातून, की नुसतं आतून? आणि मँड्रेलला मराठीत काही शब्द आहे का? मामा ‘मेंडल’ म्हणतात, तो धरत नाही.

(आणि हो, साध्या मराठीत ‘बोर मारला’ म्हटलं की आमच्या घरी पहिला प्रश्न ‘पाणी किती फुटावर लागलं?’)

मच्छेहून, सीएनसीवाला

‘आयडी क्लॅम्पिंग’ (आतल्या व्यासाला धरणं) लिहा, सुटा. आमच्याकडे सगळी कार्डं तशीच असतात आणि मराठी, कानडी, बिहारी सगळ्यांना कळतात. शब्द शोधत बसायला आमच्याकडे वेळ नाही.

निपाणीहून, निवृत्त आयटीआय निदेशक

मच्छेकर, आयडी क्लॅम्पिंग म्हणजे तरी काय, ते पोराला कोण सांगणार? बोराला आतून धरायच्या निदान तीन तऱ्हा आहेत आणि तिन्हींचा परिणाम वेगळा.

पहिली, थ्री जॉ चकचे जॉ, म्हणजे तीन जबडे, आत घालून बाहेरच्या दिशेनं उघडायचे. जाड जॉबला (कातायच्या तुकड्याला) ठीक. पातळ रिंगला हे करू नका. तीन ठिकाणी रेटा बसतो, रिंग तीन ठिकाणी फुगते, तशीच फुगलेली असताना तुम्ही ती गोल कातता. चक सैल केला की ती मूळ जागी येते आणि बाहेरून तिकोनी होते. मशीनवर डायल शून्य दाखवतो म्हणून माणूस फसतो.

दुसरी, साधा मँड्रेल. हा वर्गात मुलांच्या हातात दिला की मुलं म्हणायची, सर, हा तर सरळ दांडा आहे. सरळ नसतो. मीटरला अर्धा मिलीमीटर एवढा उतार असतो, म्हणजे शंभर मिलीमीटर लांबीत फक्त ०.०५. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण जॉब रेटत नेला की एका जागी घट्ट बसतो. माप जाड टोकाकडे कोरलेलं असतं. तेलाचं बोट लावून बारीक बाजूनं जॉब घालायचा आणि प्रेसनं दाबायचा. हातोडी नको, दोन्ही टोकांची सेंटरची भोकं बिघडली की मँड्रेल गेला. त्या प्रेसला सगळे ‘आर्बर प्रेस’ म्हणतात. आर्बर म्हणजे हाच मँड्रेल. मँड्रेलला आपल्याकडे आर्बर कोणी म्हणत नाही, प्रेसला मात्र ते नाव चिकटून राहिलं.

तिसरी, फुगणारा मँड्रेल. चिरा दिलेली बुश (नळी) निमुळत्या दांड्यावर सरकते आणि सगळीकडून सारखी फुगते. पातळ जॉबला हाच.

आता तुमचा ‘वर’. आपण अंगठी बोटात घालतो, बांगडी हातात, माळ गळ्यात. खरं बघितलं तर बोट अंगठीत असतं, पण मराठी उलटं बोलते. त्या न्यायानं जॉब ‘मँड्रेलात’ घातला पाहिजे. कारखान्यात तसं कोणीच म्हणत नाही, सगळे ‘मँड्रेलवर चढव’ म्हणतात, आणि ते कानाला बरोबरही वाटतं. तेव्हा ‘वर’ हा मँड्रेलचा आहे. तुम्ही तो बोरला लावलात, म्हणून घोटाळा झाला.

अथणीची, आता शहापूर

मला लेथमधलं काही कळत नाही, पण शब्दावरून आठवलं. आमच्या आजोबांकडे बूट शिवायचे, त्या लाकडी पायाला कालबूत म्हणत. तेही आत घालायचं आणि काम बाहेरून करायचं. मँड्रेलला कालबूत का म्हणू नये?

मच्छेहून, सीएनसीवाला

कालबूत पायाचा आकार देतं. मँड्रेल आकार देत नाही, नुसता धरतो आणि फिरवतो. त्यापेक्षा बैलगाडीचा कणा जवळचा. चाकाच्या तुंब्यात कणा, पुलीच्या बोरमधे मँड्रेल.

(वेळ नाही म्हणालो होतो, पण असो.)

अथणीची, आता शहापूर

मग गंमत सांगते. माझी शाळा कानडी. कानडीत गाडीच्या कण्याला ‘अच्चु’ म्हणतात आणि साच्यालाही ‘अच्चु’च म्हणतात. म्हणजे माझं कालबूत आणि तुमचा कणा कानडीत एकाच शब्दात बसले. भांडण मिटलं!

निपाणीहून, निवृत्त आयटीआय निदेशक

हे आवडलं. पण कण्यावर चाक सैल फिरतं, आणि मँड्रेलवर जॉब फिरला तर खरवडून निघतो. त्यामुळे कणाही पूर्ण जुळत नाही. बाकीच्यांनाही शब्द नीट सापडलेला नाही म्हणा. जर्मन लोक त्याला ‘डोर्न’ म्हणतात, म्हणजे काटा. आर्बर लॅटिनच्या झाडावरून आला. फ्रेंचांचा ‘माँद्रँ’ म्हणजे आज चक, जो बाहेरून धरतो तो! माझं मत विचाराल तर मँड्रेल हे नाव तसंच राहू द्या. लेथ, चक, जॉब राहिले, तसा तोही राहील. मराठी क्रियापदात हवी.

मूळ प्रश्न विचारणारा

सर, क्रियापदावरूनच मामांशी पुन्हा बोललो. ते म्हणाले, “पोराला कसं धरतोस? हाताला धरून. बकऱ्याला? कानाला धरून. मग बोराला धर म्हण की.”

हे इतकं सोपं होतं. मराठीत पकड दाखवायला ‘ला’ लागतो. हाताला, शेंडीला, बखोटीला. ‘वर’ ठेवायला, चढवायला. ‘बोरवर धरणे’ हे मीच कुठल्या तरी ड्रॉइंगवरून शब्दाला शब्द लावून केलं असणार.

एक शंका मात्र उरली. मामा मँड्रेल बाहेरून आणत नाहीत. चकात तुकडा धरून जागच्या जागी कातून घेतात, खांदा ठेवतात, पुढं आटे पाडून नट लावतात. चकातून न काढता तिथंच वापरायचा, म्हणून तो सेंटरमधे असतोच. पण तो सरकत्या फिटचा. त्यात ०.०३ चा सैलपणा राहिला तर नट आवळताना जॉब एका बाजूला ०.०१५ सरकतो आणि डायल पुन्हा ०.०३ दाखवतो. पुलीला चालतं. गिअरला मामा स्वतःच ‘नको’ म्हणतात आणि उताराचा मँड्रेल काढतात. दोन्हीला शब्द एकच, ‘मेंडल’. मग कार्डावर कोणता ते कसं लिहू?

निपाणीहून, निवृत्त आयटीआय निदेशक

‘दाबाचा’ आणि ‘नटाचा’. आम्ही वर्गात तसंच म्हणायचो.

मूळ प्रश्न विचारणारा

झालं. नव्या कार्डावर लिहिलंय: ‘नटाच्या मँड्रेलवर चढवून, बोराला आतून धरून ओडी मारणे. हबला धरू नये.’

रकान्यात मावत नाही. पोरानं कार्ड वाचलं, खिशातला खडू काढला आणि चकाच्या गार्डवर लिहून टाकलं, ‘आतनं’.