पहिला मफलर: ३० टाके घातले, ३७ झाले, कडाही गुंडाळतायत

अबोली_विणते
नमस्कार मंडळी. विणकाम नुकतंच सुरू केलंय. ८ नंबरच्या ॲल्युमिनियमच्या सुया, मध्यम जाडीची ॲक्रेलिक लोकर, १०० ग्रॅमचे दोन गुंडे. ३० टाके घालून एक ओळ सुलट (धागा मागे ठेवून), एक ओळ उलट (धागा पुढे ठेवून) विणतेय. वीतभर झाल्यावर मोजले तर ३७ टाके. डावी कड पायऱ्या-पायऱ्यांची झालीय, मधे दोन भोकं आहेत आणि दोन्ही कडा मागे गुंडाळतायत. इस्त्री फिरवली तर बसतील का? अजून एक: एका अमेरिकन व्हिडिओत ८ नंबरच्याच सुया सांगितल्या होत्या, पण त्यात वीण मऊ दिसते, माझी पुठ्ठ्यासारखी झालीय.

दोरा_आणि_सुई
ताई, आधी इस्त्री लांब ठेवा. ॲक्रेलिकला गरम इस्त्री लागली की ती लुळी आणि चकचकीत होते, मग पूर्ववत होत नाही.

वाढीव टाक्यांचं बघू. कडेला वाढतायत ते बहुधा असे: ओळ संपवून सुया बदलता तेव्हा धागा सुईच्या वरून मागे जातो. त्यामुळे खालच्या ओळीतला टाका वर ओढला जातो आणि सुईवर पहिल्या टाक्याचे दोन पाय (फासाच्या दोन बाजू) दिसतात. नवशिक्या ते दोन टाके समजून दोन्ही विणतात. उपाय सोपा आहे. सुलट ओळ सुरू करण्याआधी धागा समोर, सुईच्या खाली लोंबू द्या, पहिला टाका बोटाने खाली ओढून नीट बघा, मग धागा सुईच्या खालूनच मागे न्या.

मधली भोकं म्हणजे सुलट टाक्याच्या वेळी धागा पुढेच राहिला, किंवा उलट टाक्याच्या वेळी मागे राहिला. सुईवर एक आडवा वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो. जाळीच्या विणीत हेच मुद्दाम करतात.

तिसरं कारण, सुईचं टोक धाग्याच्या मधून घुसणं. धागा फाटून अर्धा-अर्धा होतो आणि एकाचे दोन विणले जातात. सैल पिळाच्या लोकरीत हे फार होतं.

दर १० टाक्यांनंतर सुईत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास अडकवा. प्रत्येक कप्प्यात १० आहेत ना एवढंच बघायचं. ३० मोजत बसावं लागत नाही आणि चूक कुठल्या कप्प्यात आहे तेही लगेच कळतं. आत्ताचं मात्र उसवा. सात टाके कमी करता येतील, पण भोकं राहतीलच. उसवलेली लोकर नागमोडी दिसली तरी खुशाल वापरा, धुतल्यावर सरळ होते.

उबदार
कडा गुंडाळणं ही तुमची चूक नाही, त्या विणीचा स्वभाव आहे. एक ओळ सुलट, एक उलट विणलं की एका बाजूला सगळे टाके इंग्रजी व्हीसारखे आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या आडव्या वळ्या येतात. दोन बाजूंची ओढ सारखी नसते. म्हणून उभ्या कडा मागे वळतात, आणि खालची-वरची कड पुढे. शिवून टाकायचं असेल (स्वेटरची पाठ, टोपी) तर फरक पडत नाही, मफलरला पडतो.

पहिल्या मफलरला सगळ्या ओळी सुलट विणा. दोन्ही बाजू सारख्या, कड सपाट. तुमच्या लोकरीला १० सेंमीत साधारण २० टाके बसतील, म्हणजे ३० टाक्यांत १५ सेंमी रुंदी. २० सेंमी हवी तर ४० घाला. १० सेंमी उंचीला साधारण ४० ओळी लागतात; दीड मीटर लांबीला ६००. हा आकडा आधीच माहीत असलेला बरा, कारण बरेच मफलर अर्ध्यावर कपाटात जातात. आधी काहीतरी पुरं करायचं असेल तर कानपट्टी घ्या: २४ टाके, प्रत्येक ओळ '१ सुलट, १ उलट', लांबी डोक्याच्या घेरापेक्षा ५ सेंमी कमी, मग दोन टोकं जोडा. ५० ग्रॅममध्ये होते. फक्त सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे, उलटवरून सुलटवर येताना मधूनच मागे. हे विसरलात की पुन्हा ३७!

धागेदोरे
सुयांचं कोडं सोडवतो. आपल्याकडे दुकानात अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात; त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५, ६ म्हणजे ५. अमेरिकन नंबर उलटे वाढतात आणि त्यांचा ८ म्हणजे ५ मिमी. तुम्ही व्हिडिओपेक्षा पूर्ण १ मिमी बारीक सुईवर विणताय, मग पुठ्ठा होणारच. नंबर विसरा, मिमी बघा. व्हिडिओतली लोकरही बहुधा जाड असणार. तुमची तीच लोकर आपल्याकडच्या ७ नंबरवर (४.५ मिमी) विणून पाहा.

टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाला, नंतर एक काढून घ्या. पहिली ओळ सहज विणली जाते.

पहिला टाका न विणता नुसता उचलून घेण्याचा सल्लाही मिळेल. कड सुंदर येते, पण टाके स्थिर होईपर्यंत थांबा असं माझं मत.

अबोली_विणते
उसवलं! आता ७ नंबरवर सगळं सुलट विणतेय, ३० चे ३० आहेत. मफलरनंतर भाचीसाठी टोपडं करायचंय, नवजात आहे. झेपेल का?

उबदार
झेपेल. मऊ बेबी वूल, ८ नंबरच्या सुया, ३०-४० ग्रॅम. आधी चौकोनी नमुना विणून बघा: सुलट-उलट ओळींत १० सेंमीला २२ टाके यायला हवेत. कमी आले तर बारीक सुई, जास्त आले तर जाड.

७२ टाके घाला. ३ सेंमी '१ सुलट, १ उलट'. मग एक ओळ सुलट, एक उलट, एकूण उंची १० सेंमी होईपर्यंत. आता घट (टाके कमी करणं), फक्त सुलट ओळीत: '६ सुलट, २ एकत्र' (दोन टाके मिळून एकच विणायचा) ओळभर, ६३ उरतील. पुढची ओळ नुसती उलट. मग '५ सुलट, २ एकत्र', ५४. असंच ४, ३, २, १ करत १८ पर्यंत या, मधे प्रत्येक वेळी एक उलट ओळ. शेवटच्या घटीत सगळे दोन-दोन एकत्र, ९ टाके.

हे ९ टाके नेहमीसारखे विणून बंद करू नका. ४० सेंमी धागा ठेवून कापा, जाड सुईत ओवून टाक्यांतून न्या, सुई काढून घट्ट ओढा. त्याच धाग्याने बाजू शिवत खाली या. शिवताना कडेचा एकेक टाकाच आत घ्या. दोन घेतले तर टोपडं तंग होतं. गोंडा आणि बांधायच्या नाड्या नकोत, बाळ तोंडात घालतं.

दोरा_आणि_सुई
विणताना टाका सुटला तर ओढाताण करू नका. सुलट बाजू समोर धरा, क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात पुढून घाला, त्याच्या वर शिडीसारखे आडवे सुटे धागे दिसतात, त्यातला सर्वांत खालचा पकडून टाक्यातून पुढे ओढा. शिडी संपेपर्यंत हेच, मग टाका डाव्या सुईवर परत ठेवा. त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे यायला हवा, नाहीतर टाका पिळलेला दिसतो.