पूरक्षेत्राबाहेरचे घर आणि काउंटीची पूरजोखीम

सप्रेम नमस्कार,

ह्यूस्टनजवळच्या केटीतील आमचे घर फेमाच्या (अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशावर पूरक्षेत्राबाहेर असून कर्ज देणाऱ्या बँकेने पूरविम्याची अट घातलेली नाही. मात्र काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) आपत्ती-जोखमीच्या मूल्यांकनात पूर अगदी वरच्या क्रमांकावर दिसतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

– एक सदस्या, केटी

*

ताई, सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात नदीकाठी शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा आखतात, तशीच फेमाच्या नकाशावरील पूरक्षेत्राची सीमा ही येथील रेषा आहे. कोणत्याही एका वर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर कुठवर पोहोचेल, एवढेच ती दाखवते. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तीच शक्यता सुमारे २६ टक्के होते. शिवाय हे नकाशे मुख्यतः बायू (इकडचे संथ वाहणारे ओढे) आणि नद्या पात्राबाहेर आल्यावर काय होईल ते सांगतात. पावसाळी गटारे तुंबून रस्त्यावरून घरात शिरणारे पाणी त्यांत बहुधा धरलेले नसते. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात हॅरिस काउंटीतील (ह्यूस्टन जिच्यात येते तिच्यातील) दीड लाखाहून अधिक घरांत पाणी शिरले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक घरे या रेषेबाहेर होती. पुढच्याच वर्षी नोआने (अमेरिकेच्या सरकारी हवामान व सागरी संस्थेने) पावसाचे आकडे सुधारले, तेव्हा ह्यूस्टनमध्ये २४ तासांत पडू शकणारा १ टक्का शक्यतेचा पाऊस सुमारे १३ इंचांवरून काही भागांत १८ इंचांपर्यंत गेला. जुने नकाशे आधीच्या आकड्यांवर बेतलेले आहेत.

केटीकरांनी आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. १९४० च्या दशकात ह्यूस्टन शहराच्या रक्षणासाठी बांधलेले ॲडिक्स आणि बार्कर हे जलाशय एरवी कोरडे असतात, पण त्यांच्या बांधामागे जितके पाणी साठू शकते तितकी सगळी जमीन सरकारने विकत घेतलेली नव्हती. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती झाल्या आणि २०१७ मध्ये जलाशय फुगताच पाणी मागे सरकत त्या घरांत शिरले. २०१९ पासून टेक्ससमध्ये घर विकणाऱ्याला ते घर जलाशयाच्या पूरसाठ्याच्या क्षेत्रात येते का, याची माहिती द्यावी लागते. त्याआधी घर घेतलेल्यांनी वसाहतीचा नोंदणीकृत प्लॅट (भूखंडांचा अधिकृत नकाशा) स्वतः पाहावा.

काउंटीचे मूल्यांकन याहून व्यापक असते. उदाहरणार्थ, फेमाच्या राष्ट्रीय जोखीम निर्देशांकात अपेक्षित वार्षिक नुकसान, लोकांची सामाजिक दुर्बलता आणि सावरण्याची क्षमता एकत्र मोजतात. म्हणून त्यावरून एका घराविषयी निष्कर्ष काढू नये. पण दुर्बलतेचा निकष आपल्याला थेट लागू पडतो, असे मला मनापासून वाटते. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर ह्यूस्टन परिसरातील वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. अशी वीज गेल्यावर उन्हाळ्याच्या उकाड्यात भारतातून आलेले, गाडी न चालवणारे आईवडील दिवसभर घरी एकटे असतील, तर घरात थेंबभर पाणी न येताही त्या कुटुंबाची जोखीम मोठी असते.

विमा आपण घ्यावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरत नाहीत आणि सरकारी पूरविमा सहसा ३० दिवसांनी लागू होतो. चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, त्यामुळे एप्रिलअखेर अर्ज केलेला बरा.

– एक सदस्य, ह्यूस्टन

*

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. आमची वसाहत बार्करच्या पश्चिमेलाच आहे, तेव्हा प्लॅटची प्रत याच आठवड्यात मागवते आणि विम्याचा अर्जही सोबतच करते. सासूबाई मे महिन्यात येत आहेत. वीज गेल्यास त्यांना कोणाकडे नेता येईल, हेही आताच ठरवून ठेवते.