अनुभव धागा: चारचौघांच्या कामात पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा...

दुपारचा चहा
काल भाची आली होती. सतरा पूर्ण झालीत फक्त. सोफ्यावर आडवी पडून एका हाताने चिवडा खात दुसऱ्या हाताने मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरत होती. म्हटलं, अगं तू अठराची कुठेयस अजून? तर म्हणे, "मावशी, आता 1 जानेवारीची वाट बघत बसावं लागत नाही, वर्षात चार तारखा असतात. अर्ज आधीच टाकून ठेवायचा." मी गप्प.

मला 1989 आठवलं. मताचं वय नुकतंच 21 वरून 18 वर आलेलं आणि वाड्यातली आम्ही तिघं अचानक मतदार झालेलो. मतदानाच्या आदल्या रात्री जेवताना आजोबांनी मत कुणाला द्यायचं ते जाहीर केलं, नेहमीसारखं. मी म्हटलं, "का?" कुणी घास उचलेना. आजोबा बराच वेळ पानातल्या भाताकडे बघत राहिले, मग आजीला म्हणाले, "हिला वाढ अजून." तो होकार होता की नकार, आजवर कळलेलं नाही.

तर सांगा, तुमचं पहिलं "का?" कुठलं? फोनवरून विचारलेलं चालेल, सभेत विचारलेलं चालेल, फसलेलं तर पळेल.

फाटका खिसा
मत कुणाला दिलं शेवटी?

दुपारचा चहा
गुप्त मतदान, बाळा.

काठावरचा
ग्रामसभा. मी 19 चा. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर गावाचा आराखडा बघायचा नाद लागला होता (मोटार चालू असताना बांधावर दुसरं काय करणार). त्यात आमच्या वस्तीच्या नावाने पथदिवे दिसले. वस्तीवर खांबच नाहीत हो! लगेच स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर. पाच मिनिटांत बाबांचा फोन, "काढ ते." नाही काढलं.

सभेला गेलो तर ती तहकूब झालेली सभा. 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल तेवढे पहिल्या सभेला लागतात, ते जमले नव्हते. तहकुबीच्या सभेला कोरम लागत नाही, म्हणून सगळं तिथेच उरकतं. समाजमंदिरात रेंज नाही. मी उभा राहिलो, पाय लटलट, तोंडातून "आदरणीय व्यासपीठ" एवढंच. मागून चुलती ओरडली, "वस्तीवर तर लई वरडतोस, आता बोल की!"

बोललो. ग्रामसेवकांनी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. ते दिवे ओढ्यापलीकडच्या वस्तीचे होते, नाव तेच. मी पार आडवा. सगळे हसले. मग चुलतीनेच विचारलं, "बरं, त्यांचं झालं. मग आमचं कधी?" ते मात्र इतिवृत्तात आलं. पुढच्या वर्षी दोन खांब आले, त्यातला एक पेटतो.

रानमेवा
चुलतीला सरपंच करा.

काठावरचा
उभी राहणार आहे म्हणते. माझ्या जिवाला घोर.

अर्धवट
माझ्या मतदार ओळखपत्रावर वडिलांचं नाव बबनचं "बहन" झालंय. धाग्याशी संबंध नाही, पण दुःख मोकळं केलं.

रानमेवा
फॉर्म 8 भर, दुरुस्तीचा.

अर्धवट
भरला. नाव सुधारलं, आडनाव बिघडलं. आता हात लावायची भीती वाटते.

मोगरा
आम्ही चौघी स्पर्धा परीक्षावाल्या. पालिकेची अभ्यासिका "दुरुस्तीसाठी बंद", असे सात महिने. रोज कुलूप बघून परत. एकीने ऑनलाइन माहिती अधिकार टाकू म्हटलं. 10 रुपये फी. पहिल्या अर्जात आम्ही सगळा राग ओतला: दुरुस्ती, पंखे, स्वच्छतागृह, ग्रंथपालांची बदली आणि शेवटी "आमच्या भविष्याचं काय?" तो फेटाळला गेला. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, हे आम्हाला कुठे ठाऊक!

दुसरा अर्ज पाच ओळींचा. कार्यादेशाची प्रत द्या, काम संपवायची मुदत सांगा, बस्स. मुदत 30 दिवसांची, उत्तर 28 व्या दिवशी आलं. कार्यादेश निघालाच नव्हता. म्हणजे सात महिने दुरुस्ती नाही, नुसतं कुलूप. तो कागद घेऊन गेलो तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची दिली. पुढच्या महिन्यात अभ्यासिका उघडली, पंखे तेच. आमच्यातली एक आता सरकारी नोकरीत आहे, माहिती अधिकाराच्याच अर्जांना उत्तरं लिहिते. फोन केला की म्हणते, "लोक किती लांब लिहितात गं!"

फाटका खिसा
हाहा, शेवट भारी.
माझा तक्रारीच्या अ‍ॅपचा अनुभव थोडक्यात: खड्ड्याचा फोटो टाकला, चार दिवसांनी "तक्रार निकाली" असा मेसेज. सोबत पुरावा म्हणून गुळगुळीत रस्त्याचा फोटो, त्यात मागे नारळाचं झाड. आमच्या गल्लीत नारळ नाही. तक्रार बंद, खड्डा उघडा.

रानमेवा
पुन्हा टाक आणि लिही, नारळ कधी लावताय?

गुरुजी निवृत्त
उशिरा आलो, नातवंडं सांभाळत लिहितोय, चुका माफ. मी अकरावीला राज्यशास्त्र शिकवलं. मुलं फोनवर सगळं शोधायची, पण समोरासमोर बोलायला लागली की दोन मिनिटांत हमरीतुमरी. मग नियम केला: विरोध करण्याआधी समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि त्याने "हो, हेच" म्हटलं तरच पुढे. पहिले दोन आठवडे वर्गात कुणीच कुणाला विरोध केला नाही, कारण कुणीच नीट ऐकलेलं नसायचं.

ही कल्पना माझी नाही म्हणा. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात गेलो होतो. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. तिथे आधी अभ्यास गटात बोलून घेतात आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचं पटत नसेल तर थांबतात. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो असा थांबत थांबत. आमची पोरं एका इमोजीवर निकाल लावतात. आलो रे, आलो! (नातू)

मोगरा
सर, हा नियम आमच्या घरी लावला तर आठवडाभर शांतता नांदेल.

सायली नव्हे जुई
माझी लेक नववीपासून वक्तृत्व करते. गावच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं तिने, चार ओळी, सभ्य भाषेत. रात्री अकराला अनोळखी नंबरवरून फोन सुरू. ग्रुपमध्ये सगळ्यांना नंबर दिसतोच ना. आता ती काहीच लिहीत नाही. तुमचे सगळ्यांचे किस्से वाचून हसतेय, पण मला काय सांगावं कळत नाही तिला.

दुपारचा चहा
अगं... ते फोन आले त्यांची नोंद ठेव, स्क्रीनशॉट पुसू नकोस. आणि तिला म्हणावं, चूक तिची नाही.

काठावरचा
ताई, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचीच असते. आमची चुलती आधी तिथेच बोलायची, मग मोठ्या सभेत. लेकीला घेऊन जा. टाकीचं तुम्ही बोला, ती शेजारी बसू दे नुसती.

सायली नव्हे जुई
आमच्याकडे महिला सभा कागदावरच होते बहुतेक. पण विचारते. तारीख विचारली हेच पहिलं "का?" समजा माझं, वय 44.

अर्धवट
सी-व्हिजिलचं, म्हणजे निवडणूक आयोगाच्या तक्रारीच्या अ‍ॅपचं, कुणी लिहिलं नाही? आचारसंहितेत फुकट जेवणावळ दिसली, व्हिडिओ काढला. त्यात गॅलरीतला चालत नाही, अ‍ॅपमधूनच काढावा लागतो आणि पाच मिनिटांत पाठवावा लागतो. मी आनंदाने आधी मित्राला दाखवत बसलो. वेळ संपली. परत गेलो तर पंगत उठलेली, पत्रावळ्या गोळा चाललेल्या.

फाटका खिसा
जेवलास का पण?

अर्धवट
या प्रश्नाचं उत्तर आचारसंहितेत बसत नाही.

दुपारचा चहा
आत्ताच दार वाजलं. भाचीच्या अर्जाच्या पडताळणीला बीएलओ (मतदार यादीचं घरोघर काम बघणाऱ्या) आल्यात, आणि त्या तिच्या अंगणवाडीच्या ताईच निघाल्या! फोनवर दोन मिनिटांत झालेल्या कामाला आता पाऊण तास होईल, कारण ताई विचारतायत, "अजून डाव्या हाताने जेवतेस का गं?" चहा ठेवायला जाते. जुई, तारीख कळली की इथे लिही.