पिडेरसच्या जवळच्या जाती : पायांच्या रंगावरून ओळख पटते का?

भातखाचर :
नमस्कार. कर्जतजवळच्या आमच्या भाताच्या बांधावर आणि रात्री ओसरीतल्या दिव्याखाली मला नऊ रोव्ह बीटल (आखूड पंखकवचांचे भुंगेरे) सापडले. काळे डोके, नारिंगी वक्ष, निळीशार आखूड पंखकवचे आणि काळ्या टोकाचे नारिंगी उदर अशी सगळ्यांची ठेवण असल्यामुळे ते पिडेरस प्रजातीतले आहेत, याविषयी मला शंका नाही. मात्र सहांचे पाय पिवळट तपकिरी आहेत आणि तिघांचे जवळजवळ काळे. पहिले पिडेरस फुसिपेस आणि दुसरे पिडेरस मेलॅम्पस असे नोंदवावे काय? नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत.

भिंग :
एवढ्यावरून नोंदवू नये, असे माझे मत आहे. गंमत अशी की या दोन्ही जातींची नावे पायांवरूनच पडली आहेत : मेलॅम्पस म्हणजे काळ्या पायांचा आणि फुसिपेस म्हणजे गडद पायांचा. तरीही कोशातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा फिकट असतो, शिवाय अल्कोहोलमध्ये रंग बदलतात, त्यामुळे रंग हा फार तर पहिला अंदाज देतो.

आधी पंखकवचांची लांबी वक्षाच्या लांबीशी ताडून पाहावी. फुसिपेसची कवचे वक्षापेक्षा स्पष्टपणे लांब असतात आणि त्याखाली उडण्याजोगे पंख असतात, म्हणून तो दिव्यावर येतो. याच प्रजातीतल्या अनेक डोंगराळ जातींची कवचे आखूड असून त्यांना उडता येत नाही. त्यानंतर नर वेगळे काढावेत. नराच्या उदराच्या शेवटच्या दिसणाऱ्या खंडाला खालच्या बाजूने खोल, अरुंद खाच असते. त्या नराचे जननांग बाहेर काढून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात मऊ करून, ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली वरून आणि बाजूनेही पाहावे. बाहेरून जुळ्यासारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या ठरवण्याचा मुख्य आधार हाच आहे. माद्यांच्या बाबतीत, सोबत ओळख पटलेला नर नसेल तर, चिठ्ठीवर केवळ ‘पिडेरस’ लिहिण्यात कमीपणा मानू नये.

भातखाचर :
आभारी आहे. खाच असलेले चारच निघाले, आणि काळ्या पायांच्या तिघांत एकच नर आहे. आणखी एक विचारतो : काळ्या पायांचा एक भुंगेरा मानेवर चिरडला गेला आणि दुसऱ्या दिवशी तिथे लांबट, फोड आलेला चट्टा उठला. हा गुण ओळखीसाठी धरता येईल का?

ओढ्याकाठी :
नाही. चट्टा उठवणारे पिडेरिन हे द्रव्य भुंगेरा डंखातून सोडत नाही, ते त्याच्या शरीरद्रवात असते, आणि ते मुळात त्याच्या शरीरात राहणारे स्यूडोमोनास गटातले जिवाणू तयार करतात. एकाच जातीतल्या काही माद्यांमध्ये हे जिवाणू असतात, तर काहींमध्ये नसतात. त्यामुळे फोड आला म्हणून जात वेगळी, असे म्हणता येत नाही. चट्ट्याची काळजी मात्र घ्यावी, आणि पुढच्या वेळी भुंगेरा मानेवर बसला तर न चिरडता फुंकून उडवावा!

डीएनए तपासायचा असेल तर पुढचे नमुने ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावेत. प्राण्यांसाठी सहसा सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. पण हा तुकडा मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे केवळ आईकडून येणारा असल्यामुळे, जवळच्या जातींत संकर झालेला असेल तर तो फसवू शकतो. म्हणून ज्या नराचे जननांग तपासले त्याचाच एक पाय डीएनएसाठी द्यावा, म्हणजे दोन्ही पुरावे एकाच नमुन्यावर राहतील.

भिंग :
याला दुजोरा. कीटकशास्त्रज्ञ मॅल्कम कॅमेरॉन यांचे १९३० च्या दशकातले खंड भारतातल्या रोव्ह बीटलच्या कुळासाठी अजून उघडावे लागतात, पण आज ती नावे आधुनिक पुनरावलोकनांशी पडताळल्याशिवाय वापरू नयेत.

भातखाचर :
चारही नरांना क्रमांक देऊन वेगळ्या कुप्यांत ठेवले आहे. पाच माद्यांच्या चिठ्ठीवर सध्या ‘पिडेरस, जात अनिश्चित’ एवढेच लिहिले आहे. जननांगांची छायाचित्रे काढली की इथेच टाकतो.