१९ तारखेची सकाळ: नदी आणि गणपती

प्रेषक: माजी विद्यार्थी गट (सिव्हिल, ९६)
विषय: १९ सप्टेंबर, ग्वादालूपे नदीकाठची सफाई

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरचा तिसरा शनिवार म्हणजे कॅलिफोर्नियाचा किनारा सफाई दिवस. यंदा तो १९ तारखेला आहे. १९८५ पासून राज्यभर एकाच सकाळी, ९ ते १२, लोक हे काम करतात. नाव किनाऱ्याचं असलं तरी ओढे आणि नद्याही त्यात येतात, कारण समुद्रातला बराचसा कचरा तिथूनच जातो. सॅन होजेत रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात पडलेलं काहीही शुद्धीकरणाला जात नाही. पहिल्या पावसाबरोबर ते ग्वादालूपेत येतं, अल्विसोपाशी खाडीला मिळतं आणि पुढे समुद्रात. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधीचा हा शनिवार फार मोलाचा आहे.

आम्हा सीओईपीवाल्यांसाठी (म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांसाठी) या आठवड्याला आणखी एक अर्थ आहे. १५ सप्टेंबर हा विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, म्हणजे अभियंता दिन. ते आमच्याच कॉलेजचे. तिसरा शनिवार नेहमी १५ ते २१ च्या मध्येच पडतो, त्यामुळे आम्ही हॉटेलातलं जेवण आणि भाषणं बंद करून अभियंता दिन नदीवर साजरा करायला लागलो. गटाची ओळख यातूनच झाली, हे मला आवडतं.

मनातली एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी पन्नास नावं आली. साडेनऊला बॅनर धरून फोटो झाला आणि दहा वाजता काठावर एकोणीस जण उरलो. कुणाला नावं ठेवायची नाहीत, प्रत्येकाच्या अडचणी असतात. पण यंदा नाव देणाऱ्याने बारापर्यंत थांबावं, ही कळकळीची विनंती. फोटो बारा वाजता, भरलेल्या पिशव्यांबरोबर काढू.

हातमोजे आणि चिमटे तिथे मिळतात. पिशवीऐवजी घरची बादली आणली तर प्लास्टिक तेवढंच वाचतं. १८ च्या आतल्या मुलांच्या फॉर्मवर आईवडिलांची सही लागते, ती आधीच करून ठेवा.

---

प्रेषक: सजावट समिती
विषय: उत्तर: १९ सप्टेंबर, ग्वादालूपे नदीकाठची सफाई

अरे, यंदा गणेश चतुर्थी १४ तारखेला सोमवारी आहे, हे बघितलंस का? मंडळाचा सार्वजनिक गणपती साहजिकच त्याच शनिवारी, १९ ला. हॉल सकाळी दहाला ताब्यात मिळतो आणि चारला लोक यायला लागतात. मधल्या सहा तासांत मखर उभं करायचं, पडदे लावायचे, चारशे खुर्च्या मांडायच्या, लेझीमवाल्यांना जागा आखून द्यायची. तुझ्या यादीतली निम्मी नावं माझ्याही यादीत आहेत.

नदीचं काम चांगलं आहे, त्याबद्दल वादच नाही. पण या गावात हात लावून काम करणारी माणसं तीस-पस्तीसच आहेत आणि दरवेळी त्याच तिसांना दोन्हीकडून बोलावणं जातं. गेल्या वर्षी खुर्च्या मांडायला मी आणि माझा मुलगा दोघंच होतो, तो दिवस मी विसरलेले नाही. यंदा तुम्ही एक आठवडा पुढे जा.

---

प्रेषक: पुण्याहून आलेले एक काका (सिव्हिल, १९७४)
विषय: उत्तर: १९ सप्टेंबर, ग्वादालूपे नदीकाठची सफाई

सप्रेम नमस्कार.

मी लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. तिने मला या यादीत घातलं, म्हणून लिहितो. दोघांचंही म्हणणं वाचलं.

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली. विश्वेश्वरय्यांचं नाव निघालं की मला खडकवासला आठवतं. १९०३ साली त्यांनी तिथे आपोआप उघडणारी दारं बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दार आपलं आपण उघडायचं, माणूस लागायचा नाही. आणि त्याच खडकवासल्याचं धरण १२ जुलै १९६१ ला, वरचं पानशेत फुटल्यावर, फुटलेलं मी पाहिलं. पाहिलं म्हणजे धरण नव्हे, त्याचं पाणी. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं घर नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर काळा चिखल होता आणि त्यात आईची पितळी परात उभी रुतलेली. नळाला पाणी नव्हतं. त्या दिवशी वरच्या पेठांतली, ज्यांच्या घरात थेंबही आला नव्हता अशी माणसं घमेली घेऊन आली. आमच्या घरातला चिखल कुणी काढला, त्यांची नावं आईला शेवटपर्यंत माहीत नव्हती.

म्हणून नदीचं काम पुढे ढकलू नये असं मला वाटतं. तारीख साऱ्या राज्याची आहे, आपल्यासाठी ती हलणार नाही.

आता सजावटीचं. या गावात आमच्यासारखे आलेले आईवडील किती आहेत, ते मोजलंय का कुणी? मी रोज संध्याकाळी बागेत चालायला जातो, तिथेच आम्ही सात-आठ जण भेटतो. शनिवारी मुलं कामात आणि आम्ही सोफ्यावर. आम्हाला दहा वाजता हॉलवर नेऊन सोडा. माझ्या सौ.ने पुण्यात वीस वर्षं गल्लीच्या गणपतीचे हार केले. दुसऱ्या एक वहिनी आहेत, त्या कागदाची अशी फुलं करतात की हात लावून बघावं लागतं. खुर्च्या उचलणं आमच्याने होणार नाही, तेवढं स्पष्ट सांगतो.

---

प्रेषक: विद्यार्थी, सॅन होजे स्टेट
विषय: उत्तर: १९ सप्टेंबर, ग्वादालूपे नदीकाठची सफाई

सर्वांना नमस्कार. मी आत्ताच, ऑगस्टमध्ये आलो. मी सीओईपीचा नाही, सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचा आहे. आमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही पाच जण आहोत, त्यातले दोघे नाशिकचे आणि एक नांदेडचा. आम्ही आलो तर चालेल का? गाडी नाही, पण लाइट रेलने येऊ शकतो. आम्हाला इथे अजून कुणी ओळखत नाही. घरी गणपतीला कधी रिकामं बसलेलो नाही, त्यामुळे खुर्च्या मांडायलाही येतो.

---

प्रेषक: माजी विद्यार्थी गट (सिव्हिल, ९६)
विषय: उत्तर: १९ सप्टेंबर, ग्वादालूपे नदीकाठची सफाई

काका, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मुलीने दोनदा वाचायला लावलं.

वालचंदच्या भावा, तुम्ही पाचही जण या. गट सीओईपीचा असला तरी नदीवर कॉलेज कुणी विचारत नाही. लाइट रेलच्या थांब्यावरून चालत पाच-सात मिनिटं, मी तिथे पावणेनऊला उभा असेन. नाश्त्याला पोहे आहेत, उपाशी या.

ताई, तुझं गेल्या वर्षीचं मला माहीत नव्हतं. कळवायला हवं होतंस, आणि मीही विचारायला हवं होतं. यंदा असं करू: उंच आणि ताकदीची सहा माणसं मी नदीवर घेतच नाही, ती दहाला तुझ्याकडे. काका-काकूंना आणायला तीन गाड्या ठरल्या आहेत. बाकीचे आम्ही सव्वाबाराला निघून साडेबारापर्यंत हॉलवर, आणि सगळ्या खुर्च्या आमच्याकडे. घरी जाऊन आंघोळ करायला वेळ नाही, म्हणून बदलायचे कपडे गाडीत ठेवा.

आणखी एक गोष्ट ठरवायची आहे. गेल्या वर्षी लव्हाळ्यात एक नारळ सापडला, लाल कापडात गुंडाळलेला, दोरा तसाच. बाजूला झेंडूचा हार होता. फुलं कुजून गेली होती, आतली नायलॉनची दोरी शाबूत होती. ती दोरी बदकाच्या पायात अडकायला वेळ लागत नाही. ते कुणी श्रद्धेनेच सोडलं असणार, म्हणून मला जास्त लागलं. हॉलवर निर्माल्यासाठी वेगळा डबा ठेवू. हार सुती दोऱ्यात ओवू. दोन घरांनी अंगणातल्या खताच्या ढिगात निर्माल्य घ्यायचं कबूल केलंय. पुण्यात विसर्जनाच्या घाटांवर कचरावेचक बाया उभ्या राहून निर्माल्य वेगळं गोळा करतात, आपल्याला तर एका हॉलचंच करायचं आहे.

नदीवर येणाऱ्यांना दोन सूचना. सुई किंवा काच दिसली तर हात लावू नका, गटप्रमुखाला हाक मारा. आणि काठावर तंबूत माणसं राहतात. त्यांचं सामान म्हणजे कचरा नव्हे. ब्लँकेट, सायकल, पातेलं, काहीही उचलायच्या आधी विचारा. गेल्या वर्षी त्यांच्यातल्याच एका आजोबांनी आमच्याकडून पिशवी मागून घेतली आणि पुलाखालचा भाग एकट्याने साफ करून दिला. यंदा त्यांच्यासाठी पोह्यांचा एक डबा वेगळा भरणार आहोत.

सफाईनंतर दोन महिन्यांनी, नोव्हेंबरात, मी मुलीला घेऊन त्याच पुलावर गेलो होतो. शहराच्या मधोमध, वर विमानं उतरतायत आणि खाली वितभर पाण्यात हाताएवढा मोठा सॅमन मासा अंग घासत वर चाललेला. आम्ही अर्धा तास तिथे उभे होतो. यंदा ज्यांना यायचं असेल त्यांनी नोव्हेंबरात कळवा, सगळे मिळून जाऊ.

---

प्रेषक: सजावट समिती
विषय: उत्तर: १९ सप्टेंबर, ग्वादालूपे नदीकाठची सफाई

चालेल. सहा माणसं दहाला म्हणजे दहाला. काकू, तुमच्यासाठी सुती दोऱ्याची रिळं, मोठ्या डोळ्याच्या सुया आणि आठ किलो शेवंती आणून ठेवते. खुर्ची उंच हवी की बैठक, तेवढं कळवा. सांगली-नाशिक-नांदेडकरांनो, संध्याकाळी आरतीला पुढे उभे राहा, प्रसाद डब्यात भरून देणार आहे.

आणि माझा मुलगा सकाळी नदीवर येईल. त्याच्या फॉर्मवर सही केली आहे.