शब्दचर्चा : ग्राफिटी, भित्तिचित्र, फ्रेस्को, स्टेन्सिल, टॅग

खडूफळा
शाळेतल्या मुलांसाठीच्या एका माहितीफलकाचं मराठी करायचं आहे. मजकुरात ग्राफिटी, म्यूरल, फ्रेस्को, स्टेन्सिल आणि टॅग हे पाच शब्द येतात. आधीच्या मसुद्यात पहिल्या तिघांना सरसकट 'भित्तिचित्र' आणि उरलेल्या दोघांना 'छाप' लिहून मोकळे झालेत. असं चालणार नाही, हे कळतंय. काय लिहावं? आणि भित्तीचित्र की भित्तिचित्र?

ओळंबा
शेवटचं आधी. भित्तिचित्र, ति ऱ्हस्व. 'भित्ती' एकटा आला की शेवट दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. कवी आणि कविराज, शक्ती आणि शक्तिस्थान, तसंच. 'भिंतीचित्र' मात्र नको, ना धड भिंत ना धड भित्ती.

आता अर्थ. भित्तिचित्र म्हणजे भिंतीवरचं चित्र, एवढंच. कशानं काढलं, कुणाला विचारून काढलं, याबद्दल तो शब्द गप्प आहे. म्हणून म्यूरलला तो फिट्ट बसतो. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये रंगवलेले दादासाहेब फाळके, हे भित्तिचित्र. परवानगी, शिडी-परांची, ठरलेला आराखडा, सगळं रीतसर.

ग्राफिटीत चित्र असेलच असं नाही. बहुतेक वेळा नुसती अक्षरं असतात. शब्द इटालियन, 'ओरखडणे' या क्रियापदावरून आलेला. एक असेल तर ग्राफितो, अनेक असतील तर ग्राफिती. इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन शहराच्या भिंतींवर दोन प्रकार सापडतात आणि पुरातत्त्वाचे लोक ते वेगळे मोजतात : टोकदार वस्तूनं खरडलेली ती ग्राफिती, कुंचल्यानं रंगवलेली ती दिपिंती. या रंगवलेल्यांत निवडणुकीचा प्रचारही आहे, 'अमक्याला निवडून द्या' छापाचा. इ.स. ७९ मध्ये शहर ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, तेव्हा भिंती रंगवायचा उद्योग किती जुना ते बघा. या हिशेबानं आजचं स्प्रेनं लिहिलेलं मुळात ग्राफिटी ठरतच नाही, पण व्युत्पत्ती धरून कुणी बोलत नसतं.

तिरकस पुणेरी
पुण्याकडे आणखी एक भानगड आहे. एका दैनिकात बरीच वर्षं 'ग्राफिटी' नावाचं एकोळी चिमट्यांचं सदर यायचं. त्यामुळे इकडच्या पन्नाशीतल्या माणसाला ग्राफिटी म्हणजे विटांच्या भिंतीवरचा शाब्दिक टोमणा वाटतो, रंगाचा डबा नव्हे. फलकावर शब्द ठेवा, पण शेजारी अर्धी ओळ खुलासा हवाच.

पागोळी
ओरखडण्याच्या अर्थाला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, तो कुणी कसा काढला नाही? कावी. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या वेलबुट्ट्या दिसतात ती कावी कला. काव म्हणजे तांबडी माती. युरोपात ज्याला स्ग्राफितो म्हणतात, त्याच जातीचं काम.

कृती अशी. समुद्राच्या शिंपल्या भाजून चुना करायचा, त्यात धुतलेली वाळू आणि गूळ घालून साधारण दोन आठवडे मुरवायचा, मग लोण्यासारखा होईपर्यंत कुटायचा. हा झाला पांढरा गिलावा. त्यावर हुरमुंजी, म्हणजे तांबडी माती, कालवलेल्या चुन्याचा तांबडा पातळ थर. तो ओला असतानाच टोकदार लोखंडी हत्यारानं नक्षी आखायची आणि तेवढाच तांबडा भाग खरडून खालचा पांढरा उघडा करायचा. म्हणजे रंग लावायचा नसतो, काढायचा असतो.

सगळी गंमत वेळेत आहे. फार ओला असताना खरवडलं तर रेघेच्या कडा ढासळून रेघ बुजते. फार सुकल्यावर हात घातला तर कडेचे टवके उडतात. म्हणून एका वेळी हातानं उरकेल तेवढ्याच भिंतीवर तांबडा थर चढवायचा. आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात कावीवर ऑइलपेंट फासला, की चुन्याच्या भिंतीतली ओल आत कोंडते, लोणा फुटतो आणि पोपड्यांबरोबर नक्षीही गळून पडते. टाइल्सबद्दल न बोललेलं बरं.

ओळंबा
पागोळी, हे फारच कामाचं. याच ओघात फ्रेस्कोही उरकून टाकू. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावले, की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होताना रंगकण स्वतःत बांधून घेतो. डिंक-सरस काही लागत नाही. हा खरा फ्रेस्को. मराठीत 'ओल्या गिलाव्यावरचं भित्तिचित्र' म्हणता येईल. अजिंठ्याला फ्रेस्को म्हणायची सवय आहे ती चुकीची. तिथे भुसा-तंतू घातलेल्या मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर सरसात कालवलेले रंग. म्हणून तिथली चित्रं पापुद्र्यानं सुटतात.

तिरकस पुणेरी
अजिंठ्यात ग्राफिटीही आहे, मूळ अर्थाची! दहाव्या लेण्यातल्या चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि स्वतःचं नाव खरडून ठेवलंय. गडांवर खिळ्यानं काढलेला बाणाचा बदाम आणि दोन आद्याक्षरं त्याच वंशातली. संरक्षित स्मारकावर हे केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, २०१०च्या दुरुस्तीपासून. शहरातल्या भिंतींसाठी राज्याचा १९९५चा कायदा आहे, त्यातला शब्द 'विद्रूपण'. कायद्याला ग्राफिटी आणि 'मूळव्याधीवर खात्रीशीर उपाय' यात फरक दिसत नाही.

कटरब्लेड
स्टेन्सिलला 'छापा' म्हणा. रांगोळीचा छापा घरोघरी माहीत आहे : भोकं पाडलेलं पान, वरून रंग, खाली आकृती. 'छाप' किंवा 'ठसा' नको, तो रंगात बुडवून उमटवतात. (रात्री भिंतीवर छापा मारताना छापा पडू शकतो, ही सोयही आहे.)

मुलांकडून करून घेणार असाल तर मराठी अक्षरांची अडचण आधीच सांगून ठेवा. व, ब, ठ, क यांच्या पोटातला तुकडा कापताच गळून पडतो. तो धरून ठेवायला मध्ये जोड सोडावा लागतो; ए-४ कागदाला ३-४ मिलिमीटर रुंद पुरतो. शिरोरेषा त्याहून त्रासदायक. सलग कापली तर पान आडवं फाटल्यासारखं लोंबतं, म्हणून दर अक्षरामागे ती तोडायची. जुन्या गोणपाटांवर आणि खोक्यांवर तुटक शिरोरेषा दिसते ती यामुळेच. कागद जाड कार्डाचा, नाहीतर जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. पुसून पुन्हा वापरता येते.

स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवायचा, आतल्या गोळीचा खडखडाट मोकळा ऐकू आला पाहिजे. १५-२० सेंटिमीटरवरून, भिंतीशी काटकोनात, हात चालता ठेवून दोन-तीन हलके हात. एकाच हातात गच्च भरायला गेलात तर रंग छाप्याच्या कडेखाली शिरतो आणि ओघळही येतात. काम झालं की डबा उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबायचा, नाहीतर पुढच्या वेळी टोपी तुंबलेली.

खडूफळा
टॅग राहिला. 'सही' लिहू?

कटरब्लेड
जवळ आहे. टोपणनाव, एकच रंग, एका दमात, काही सेकंदांत मारलेलं. न्यूयॉर्कमध्ये 'टाकी १८३' असं जागोजागी लिहिणाऱ्या पोरावर तिथल्या टाइम्सनं १९७१ मध्ये बातमी केली, तेव्हापासून हे प्रकरण सगळ्यांना ठाऊक झालं. टाकी हे टोपणनाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर.

ओळंबा
'सही' नको. सही म्हटलं की मान्यता, जबाबदारी, खरं नाव हे सगळं मागून येतं. टॅगमध्ये यातलं काहीच नाही. 'टॅग' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'टोपणनावाची झटपट खूण' असं जोडा.

पागोळी
चित्राच्या कोपऱ्यातल्या नावाला सही म्हणतात, तिथे कुठे मान्यता असते? मला सही चालेल.

खडूफळा
टॅग ठेवते, खुलासा ओळंबा यांचा. आणि ती ग्राफिटी की ते?

ओळंबा
ती. ईकारान्त परके शब्द मराठीत बहुतेक स्त्रीलिंगी होतात. अनेकवचनही ग्राफिटीच ठेवा. 'ग्राफिट्या' बोलण्यात ठीक, फलकावर नको.